पाऊणकी

वरच्या माळ्यावर भाडेकरू आहेत, तिघं.
त्यांच्या देशाला समुद्र नाही
आणि बाई चिखलात डॉक्टर झालेली.
मांडवीच्या टपरीवर हे सांगितलं
तर तो म्हणाला, काका, साखर घालू ना?

तिचं नाव इल्दिको. गावाच्या तोंडी चिखलबाय.
पहाटे चारला वरचा दिवा लागतो.
तिकडे अजून आदली रात्रच असते,
कुणा वरिष्ठाला ती आकडे वाचून दाखवते,
मध्येच वीज जाते,
अर्धा आकडा वेंगुर्ल्यात राहतो.

मग जिन्यावरून हाक. "काका, आज?"
मी पंचांग बघतो.
"पंचमी. पाच पाऊणे पावणेचार.
भरती होऊन गेली. दहाच्या सुमाराला सुकती."
तिच्या लॅपटॉपातही भरतीचं कोष्टक आहे,
मिनिटांसकट. तरी विचारते.
बंदर खात्यात मी तीस वर्षं आवकजावक लिहिली,
वडिलांनी छडी मारून पाठ करून घेतलेली पाऊणकी
तिथे कुणालाच लागली नाही.

दहाला ती गुडघाभर खाजणात.
नळी रोवते, उपसते, बरणीवर तारीख घालते.
कालवं काढणाऱ्या बाया आधी हसत,
आता कुठे रुततं ते काठीने दाखवतात.
आमच्या फ्रिजमध्ये
मालनच्या सोलकढीच्या मागे नऊ बरण्या चिखल.
मालनने एकदाच विचारलं,
"ह्यात असतं काय?"
बाईने भिंगाखाली दाखवलं. शंख. मोहरीहूनही बारीक.
मालन बराच वेळ वाकून होती.
त्यानंतर सोलकढी तिनेच मागच्या कप्प्यात सरकवली.

नवरा बालिंत घरूनच कसल्या यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरतो,
कुकरमध्ये पाव भाजतो. खाली करपतो, वर कच्चा.
बाजारात बांगड्याचा भाव बोटांवर करतो
आणि तरीही फसतो.
ओरोसच्या पोलीस कचेरीत कागद द्यायचे होते
तेव्हा मी सोबत गेलो.
फॉर्मवर "मुक्कामाचे कारण" असा रकाना.
त्याने पेन थोडं हवेत धरलं,
मग लिहिलं: पत्नी.
कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, बरोबर आहे, मारा शिक्का.

पोरगी रेका, दुसरीत.
हजेरीपटावर रेखा झाली, ते कुणी बदललं नाही.
घरी त्यांचं बोलते, शाळेत बाईंचं,
आणि अंगणात अस्सल मालवणी,
आमच्या पुण्याच्या नातवाला येत नाही तसलं.

काल रात्री जेवणं उरकल्यावर बाई खाली आली.
हातात मोबाइल, पाय अजून ओले.
म्हणाली, रेका झोपेत बोलते. आमच्या भाषेत नाही.
मी रेकॉर्ड केलं. काय म्हणते ते सांगा.

पंख्याची घरघर. लांब कुणाचा तरी कुत्रा.
मग झोपेतला जड आवाज:
"आये, थंय जाव नको. पाय रुततलो."

मी दोनदा ऐकलं. एकदा उगाच.
मोडक्या इंग्रजीत सांगितलं.
पाण्याने न भिजणारी तिची वही असते,
तिच्यात बरण्यांच्या आकड्यांखाली
तिने ते तिच्या लिपीत उतरवून घेतलं.
"थंय" म्हणजे नेमकं कुठे, एवढंच विचारलं.
मी खिडकीतून खाडीकडे हात केला.
अंधारात खाडी दिसत नव्हती, पण
वास येत होता.

आज चारला वर दिवा लागला नाही.
आठ वाजले. बूट जिन्यावर पालथे.
कुकरची शिट्टी, पोरीचं दप्तर, बालिंतची धावपळ.
मी पंचांग घेऊन बसलेला,
आकडा ओठांवर.

साडेनऊला ती उतरली. पोरीचा हात हातात.
मी तोंड उघडायच्या आत
पोरगीच म्हणाली, "षष्ठी. सहा पाऊणे साडेचार."
आणि तिनेच बूट सरळ केले,
एक आईचा, मग दुसरा,
आत विंचूबिंचू आहे का ते
झटकून बघत.