आधीचे तास

वीज कंपनीच्या अर्जात अकरावा रकाना होता:
बदलाआधी दिवे वर्षाला किती तास जळत?
मी ग्रंथालयाची कारकून, रकाने भरण्यावरच पोट माझं,
पण याचं उत्तर माझ्या कपाटात नव्हतं.
ते तळघरात होतं, टोइवो राउतिओकडे,
बॉयलरशेजारी खिळ्याला टांगलेल्या वह्यांत.

एकतीस हिवाळे.
सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की
आमच्या गावात चारलाच दिवेलागण,
आणि टोइवो खोल्याखोल्यांतून फिरायचा,
जेवून उठलेल्याचं ताट उचलावं
तसा माणूस उठला की दिवा मालवत.

नकाशांच्या दालनात कुणी नाही. टक्.
वर्तमानपत्रांपाशी एक म्हातारा पेंगतोय. राहू दे.
जिना. टक्.
मग वहीत, पेन्सिलीनं: मंगळवार, बर्फ, तीन ते पावणेसात.

कुणी सांगितलं नव्हतं. पगारात एक सेंट वाढला नव्हता.
एकदा विचारलं, तर म्हणाला,
रिकाम्या खोलीत ट्यूब फार मोठ्यानं बोलते.

कंपनीची माणूस आली, येर थाओ,
पंचविशीची, बुटांवरचा बर्फ दारातच झटकून,
कमरेला वायर चिमटीत धरणारं मीटर.
शिडीवर चढून तिनं दोनशे बारा नळ्या मोजल्या,
प्रत्येक नळीमागे इतके,
सेन्सरमागे तितके,
पंपाचे निराळे.
"सार्वजनिक इमारत ना, चार हजार तास धरतात सरसकट.
नऊ हजार तीनशे चाळीस डॉलर सुटतील."
माझी नजर छताच्या गळक्या कोपऱ्याकडे गेली.
पेन मी उचललंच होतं.

टोइवोनं वह्या आणून टेबलावर ठेवल्या,
धूळ बाहीनं पुसली.
"चार हजार नाहीत. एकोणीसशे."

थोडा वेळ फक्त रेडिएटर कुरकुरला.
मग येरनं समजावलं, अपराध्यासारखं:
उधळपट्टी मोठी, तर बक्षीस मोठं.
तुम्ही आधीच वाचवून बसलात,
आणि वाचवलेलं पुन्हा वाचवता येत नाही.
"वह्या मी पाहिल्या नसत्या तर..."
वाक्य तिनं तिथेच सोडलं.

वह्या टेबलावर होत्या.
तिनं त्या बाजूला सारल्या नाहीत.
खरं सांगते, मी सारणार होते.
पण टोइवो उभा होता, हातात टोपी,
बक्षीस नाकारणाऱ्याचा कसलाही आव नाही चेहऱ्यावर,
किती वाजले हे कुणी विचारावं
आणि त्यानं सांगावं, इतकंच.

एकोणीसशे लिहिले.

चार हजार चारशे छत्तीस डॉलर, पन्नास सेंट.
नगरसभेत डेल हॅगबर्ग गुरगुरला,
पलीकडच्या गावातल्या शाळेला दुप्पट मिळाले, ते कसे?
मी म्हटलं, त्यांचे दिवे रात्रभर जळायचे म्हणून.
कुणी हसलं. कुणी खोकलं.
इतिवृत्तात यातलं काही आलं नाही.

एप्रिलमध्ये कंपनीनं फोटोसाठी
दारात मावणार नाही एवढा पुठ्ठ्याचा धनादेश आणला.
सगळे ओळीनं उभे राहिलो. टोइवो फोटोत नाही,
त्याच वेळी त्याला पंपाला तेल घालायचं होतं.

आता दिवे आपापले लागतात, आपापले विझतात.
भिंतीवर बटणांच्या जागी कोऱ्या पट्ट्या.
जाता जाता त्याचा हात अजून तिथवर जातो,
पट्टीवर टेकतो, परत खिशात.
मुलांच्या खोलीला दुहेरी काचा बसल्या.
छत गळतंच. खाली निळी बादली आहे.

काल फ्यूज शोधायला तळघरात उतरले
तर तिथं ऊब होती.
उत्तरेच्या फुटक्या खिडकीत
तो धनादेश ठोकलेला, चारी बाजूंनी चिंध्या कोंबून,
आकडा बाहेर, वाऱ्याकडे.
वहीत पेन्सिलीनं:
खिडकी. खर्च, सहा खिळे.