कलम चौदा

घरतकाका, तुमची वही मला आवडली.
निळा पुठ्ठा, कोपऱ्यात तेलाचा डाग,
आत माझं नाव: बोरकुटे, दुसरा माळा, मागची खोली.
खाली अकरा महिन्यांच्या तारखा
आणि बहुतेकींपुढे लाल पेनाने
उशीर, दिवस तीन. उशीर, दिवस सहा.
जूनमध्ये उशीर, दिवस बारा.
माझ्या वर्षाची इतकी नेटकी नोंद
माझ्या आईनेही ठेवली नसती.

चाळीस हजारांतून
सत्तेचाळीस दिवसांचे चार हजार सातशे,
रंगाचे साडेचार हजार,
खिळ्याच्या भोकाचे तीनशे.
(ते भोक मी आले तेव्हाही होतं.
कुणाच्या तरी कॅलेंडरचा दोरा त्यात अजून अडकलेला होता.)
"बाकी साडेतीस," म्हणालात, आणि वही मिटलीत.

मी म्हटलं, उघडा.

जूनचे बारा माझेच. मान्य.
रबाळ्याला मी डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या
खोक्यात भरते, बारा-बाराच्या ओळीने.
ठेकेदार बदलला. जुन्याने पगार नव्यावर ढकलला,
नव्याने जुन्यावर,
आणि आम्ही बायका गेटच्या बाहेर.
त्या उशिराचे दिवसाला शंभर कुणाच्या वहीत मांडायचे
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण मे?
मेचे नऊ दिवस तुम्ही पेणला लेकीकडे होता.
फोनवर म्हणालात, "मोबाइलवर टाकू नको, आल्यावर हातान दे."
नोटा मी उशीच्या अभ्र्यात ठेवल्या
आणि नऊ रात्री मान वाकडी करून झोपले.

आणि ऑक्टोबर. चार तारखेला,
पाच नव्हे, चार,
पैसे काकूंच्या हातात दिले होते.
त्या सुकट निवडत होत्या, हात पुसून घेतले त्यांनी.
तुमच्या वहीत अकरा तारीख.

तुम्ही काकूंकडे बघितलंत.
काकूंनी पंख्याकडे.
मग म्हणाल्या, "भिशीन टाकले. आठ दिसांनी तुमाला दिले.
पोर येलेवरच आलेली."

राहिला करार. कलम चौदा:
भाडे विलंबाने दिल्यास दररोज दंड रुपये,
आणि पुढे ठिपके. माझ्या प्रतीत नुसते ठिपके,
मोजले मी, एकोणीस.
तुमच्या प्रतीत त्यांच्यावर बसलेले शंभर,
वेगळ्या पेनाचे, जरा तिरपे,
पंगत उठल्यावर आलेला पाहुणा
पाटाच्या कडेला टेकतो तसे.
त्यांच्या उशिराला दंड किती, काका?

अजून एक मुद्दा होता माझ्याकडे.
जिना चढताना पाठ केलेला.
तुम्हीच एकदा टाकीचं पाणी सोडताना बोलला होतात,
वडलांची भातखाचरं सरकारात गेली,
साडेबारा टक्क्यांचा तुकडा हातात यायला बावीस वर्षं,
तोवर वडील गेले, भाऊ भाऊ बोलेनासे झाले.
त्या फायलीवर कुणी लाल पेनाने
उशीर, दिवस इतके, असं लिहिलं नाही.

हा मुद्दा मी काढला नाही.
काढला असता तर जिंकलेच असते.
पण चहा आला होता, आलं जास्त पडलेला,
आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून
सत्तेचाळीसातून पंधरा
बोटांवर वजा करत होता.

"बत्तीसशे," म्हणालात. "खिला सोरला. रंगाचा मातर रंगाचा."
रंगावर आपण अजून अडलोय.
रविवारी येते, भिंतीचे जुने फोटो घेऊन.

तोवर ऐरोलीत एक खोली बघितली.
एजंटने करार पुढे सरकवला,
सही कुठे ते नखाने दाखवलं.
मी आधी चौदावं कलम काढलं.
तेच ठिपके.
"तिथं कुणी काय लिहीत नसतं, मॅडम."
त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं,
पानं उलटत मागे गेले, कलम चारपाशी,
"पाच तारखेपर्यंत" मधला पाच खोडला,
वर दहा लिहिला,
आणि शेजारी सही केली, पूर्ण नावाची.