दोन्ही दारं उघडी

मेरिकनं बाकावर तीन कॅमशाफ्ट ठेवले,
तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेले, मासळीसारखे.
म्हणाला, यातला कोणता बसवायचा ते तू सांग.
एकोणपन्नास सालचं पाचशेचं सिंगल
माझ्या लेथशेजारी पोट उघडं टाकून पडलेलं.
पत्र्यावर पॉसम धावत होतं. ह्युऑनवरून धुकं चढत होतं.

मी डॉक्टरीणबाईसारखी विचारत गेले.
कुठं चालवणार? गीव्हस्टनपर्यंत, पाव आणायला.
किती वेगानं? पोलीस हसतील इतक्या.
मागे कोण बसणार?
कुणी नाही.

मग हा घे, म्हटलं, टूरिंगचा.
नाक बोथट, स्वभाव गरीब.
झोपलेलं पोर खांद्यावरून गादीवर ठेवावं
तसा व्हॉल्व्ह खाली ठेवतो.
एका लाथेत सुरू होशील, चढावर कुरकुर नाही.
दुसरा दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा,
त्याच्याबद्दल मी फार बोलले नाही.

तिसरा डायलखाली धरला.
क्रँकला अंशांची चकती लावून
पाच-पाच अंश फिरवत वहीत आकडे मांडले.
क्रँकच्या दोन फेऱ्या, कॅमची एक;
थोरल्यानं धावायचं, धाकट्यानं मोजायचं.
एकशे दोन अंश.
एवढा वेळ दोन्ही दारं एकदम उघडी!
जळालेलं अजून निघालेलं नाही
आणि ताजं आत शिरतंय,
उंबरठ्यावर खांद्याला खांदा घासत.
वरच्या वेगात हे फायद्याचं,
जाणाऱ्याच्या ओढीनं येणारा आत खेचला जातो.
पण हळू चालताना
कोण आलं, कोण गेलं, इंजिनालाच कळत नाही.
ते अडखळतं, शिंकतं,
कार्ब्युरेटरच्या तोंडून पेट्रोल थुंकतं.

हा शर्यतीचा आहे, म्हटलं. पावासाठी नाही.

मेरिक सफरचंदाच्या पेटीवर बसलेला, टोपी गुडघ्यावर.
इतका वेळ ताकाला येऊन भांडं लपवत होता.
आता म्हणाला, लायलच्या गाडीत हा होता.
हाच नव्हे, तो गाडीबरोबर गेला. या जातीचा.
शुक्रवारी रात्री तो होबार्टहून यायचा.
मी माडीवर, दिवा मालवलेला.
खालच्या वळणावर गाडी हळू झाली
की ते लंगडणं ऐकू यायचं:
दोन ठोके, एक गाळलेला,
परत तीन, मग इतका थांबा
की वाटावं, मेली.
आई अंथरुणातून म्हणायची, आला.

धंद्याचं कर्तव्य म्हणून मी सगळं सांगितलं.
लाथ उलटी बसेल, घोटा सांभाळ.
पुलावर बंद पडेल.
तळाशी ताकद नाही, पेट्रोल पाण्यासारखं जाईल.
माहीत आहे, म्हणाला,
त्याला ढकलायला मीच असायचो.

रस्ता बघून कॅम निवडावा,
वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आले.
तरी तिसऱ्याचं झिजलेलं नाक वेल्ड भरून घासलं,
स्प्रिंगा बदलल्या,
पिस्टनच्या माथ्यावरची खाच थोडी खोल केली.
बिलात टूरिंगच्या कामाचेच पैसे लावले, का कोण जाणे.

ऑगस्टातल्या एका सकाळी, दव गोठलेलं,
सातव्या लाथेला ते बोललं.
मेरिकनं मान तिरकी केली.
नाही.
मी स्क्रू पाव फेरा सोडला.
नाही.
आणखी थोडा.
असं नव्हतं, म्हणाला,
आणि एकदम निघाला,
फाटकातून, खालच्या रस्त्यानं,
बंद पडलेल्या सफरचंद-शेडच्या पलीकडे, वळणापर्यंत.
तिथं आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी थ्रॉटल धरून, बोटं बधिर,
दर गाळलेल्या ठोक्याला श्वास आवळत.
खूप वेळानं त्याचा हात वर गेला.
बंद कर म्हणत होता की राहू दे,
एवढ्या लांबून कळेना.
मी राहू दिलं.