तगणं

शेनयांगच्या वैद्यकीय ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर सुरू व्हायला अजून सहा दिवस आहेत.
कोट न काढताच मी निबंध मोजते:
स्तनाचा कर्करोग आणि ऑटोफॅजी,
वीस वर्षांतले, चार हजारांच्या वर.
वाचायचे नाहीत. नुसते मोजायचे.
कोणत्या साली किती, कुठल्या शहरातून,
कोणी कोणाचा हवाला दिला,
कोणता शब्द कोणाला खेटून बसला.

पडद्यावर त्याचा नकाशा उमटतो.
एका शब्दाचं एक वर्तुळ,
जितका वापर तितकं फुगलेलं.
जुने शब्द जांभळे, नवे पिवळे.
यीस्टपासून निघालेली गोष्ट
जांभळ्या कडेला बारीक होत गेलीय,
पिवळ्यात औषधाला न जुमानणाऱ्या गाठी,
नॅनोकण, आणि मलेरियाची एक जुनी गोळी
जी पेशीचं पचनच अडवते.

डॉक्टर नी सांगतात:
उपास पडला की पेशी स्वतःलाच खाते.
मोडकं आधी. वाकलेलं, विटलेलं, कामातून गेलेलं.
तोवर बरंच असतं ते, घर झाडून निघतं.
पण गाठ एकदा धरली की
तीही हेच शिकते,
औषधाच्या माऱ्यात पोटाला चिमटा घेऊन
आपलंच थोडं थोडं खात
बसून राहते.
मग हे चांगलं की वाईट?
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"कोणत्या टप्प्यावर विचारताय, त्यावर आहे."

हे मी आईला सांगितलं नव्हतं.
तिसऱ्या केमोनंतरच्या रविवारी
ती बाल्कनीत कोबीचे गड्डे रचत होती,
डोक्याला लोकरीची टोपी,
बाहेरची पानं सोलून एकीकडे.
मी गड्डे उचलून देत होते.
ती आपणहून म्हणाली,
"साठ साली आम्ही उशी खाल्ली."
उशी?
"आत ज्वारीचा कोंडा असायचा ना.
आधी मोडकं स्टूल चुलीत गेलं,
मग पलंगाच्या फळ्या,
मग आईनं उशी उसवली,
कोंडा दळला, शिजवला.
डोक्यांचा वास यायचा त्याला."
मोडकं आधी, मी पुटपुटले.
"आधी. नंतर चांगलंही."
तिनं एक पान उजेडात धरलं,
किडीची भोकं पाहिली, टाकलं नाही.
"घर उरलं नाही. आम्ही उरलो.
बाओशेंग सोडून."
बाओशेंग कोण, हे मला
बावन्न वर्षांत पहिल्यांदा विचारावं लागलं.

सोमवारी नकाशात एक वर्तुळ खटकलं.
मधोमध, सगळ्यांत गुबगुबीत:
तगणं.
उघडून पाहिलं तर आत दोन गोष्टी.
काचेच्या बशीत, बहात्तर तासांनी,
किती पेशी तगल्या.
आणि पाच वर्षांनी
किती बायका.
इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द,
म्हणून सॉफ्टवेअरला एकच वर्तुळ.
त्याचं काय चुकलं?
त्याच्या लेखी जो तगला तो तगला.

तेव्हापासून हातानं वेगळं करतेय.
मोजायचं म्हणाले होते, आता वाचते,
प्रत्येकाचा सारांश, संध्याकाळपर्यंत
जेमतेम साठ.
डावीकडे पेशी. उजवीकडे बायका,
ज्यांची नावं कुठेच नाहीत, फक्त वयं,
गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये,
आणि आलेख, जिन्यासारखा
पायरी पायरीनं उतरणारा.
आईच्या वयाच्या पायरीवर मी थांबत नाही.
थांबते.

तिसरा रकाना कालच काढावा लागला,
कोणाचं तगणं ते कळतच नाही, अशा निबंधांसाठी.
तोच भराभर भरतोय.
डॉक्टर नी म्हणाल्या, अहवालात तिसरा रकाना चालत नाही.
मी ठेवलाय.

साडेपाचला फोन थरथरला.
आईचा मेसेज, तिच्या नेहमीसारखा, विरामचिन्हं नसलेला:
येताना मीठ आण जाडं
बारीक नको कोबी सडतो