अर्थ लागेपर्यंत

ब्लायनायमध्ये पाऊस म्हणजे काही बातमी नव्हे.
स्लेटच्या ढिगाऱ्यांवरून उतरून तो गॅरेजच्या पत्र्यावर बसलाय,
आणि आत इद्वल प्रिदर्च, वय एकोणसत्तर,
चाळीस वर्षं दारोदार दुधाच्या बाटल्या ठेवलेला,
डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलाय.
दातांत टेपचा तुकडा धरून
शेजारच्या हेलेदला सांगतोय,
"जांभळी नाही गं, जांभळीवर काळी रेघ असलेली."

गाडी सहा वर्षांची, आणि अजून मैलभरही चाललेली नाही.
सांगाडा त्यानं स्वतः जोडला,
इंजिन पुरात बुडालेल्या एका फोर्डचं,
सीटा नेरिसनं शिवल्या, कुणी न सांगता,
आणि शेवटचा दोरा तोडून म्हणाली,
"चला, बसायला तरी जागा झाली."

आता उरलाय एक दिवा.
वाटाण्याएवढा, लाल.
गुरुवारी परीक्षक येऊन तो पेटवून दाखवा म्हणणार.

तसं यात काही अवघड नाही.
दिव्याच्या एका टोकाला बॅटरी,
दुसरं टोक मोकळं, वाट बघत.
ब्रेकच्या तेलात एक तरंगतं बूच असतं.
तेल पुरेसं आहे तोवर ते वर, निवांत.
तेल उतरलं की तेही उतरतं,
उतरता उतरता दोन पत्र्या जुळवतं,
आणि तार अर्थाला जाऊन मिळते.
काहीतरी कमी पडलं की पेटणारा दिवा.
बाकी आयुष्यभर विझलेला राहणं हेच त्याचं काम.

पण आज तो पेटत नाहीये.
बूच हातानं दाबलं तरी नाही.
हेलेद मीटर लावते (उद्या तिचा भौतिकशास्त्राचा पेपर आहे,
आईला वाटतंय ती वाचतेय). मीटर गप्प.
मराठीत सांगायचं तर अर्थ लागत नव्हता.
वेल्शमध्ये इद्वल जे म्हणाला
ते समोरच्या चॅपलपर्यंत ऐकू गेलं.

सापडलं ते असं:
सांगाड्याला हिरव्या रंगाचे तीन हात,
प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर, मग पुन्हा हात.
अर्थाचा बोल्ट त्या रंगावर बसलेला,
आणि खाली लोखंडाला पत्ताच नाही.
इद्वल बराच वेळ त्या हिरव्याकडे बघत राहिला.
मग कानस घेतली.
नाण्याएवढी जागा, चकचकीत, उघडी.
वर थोडं ग्रीस, गंज नको म्हणून.

दिवा लागला.
हेलेदनं टाळी वाजवली आणि लगेच विचारलं,
"पण विझलेला असला तर कळणार कसं,
सगळं ठीक आहे, की बल्बच गेलाय?"
"म्हणून किल्ली फिरवली की तो क्षणभर पेटतो," इद्वल म्हणाला.
"रोज सकाळी. मी आहे, एवढंच सांगायला."

नेरिस चहा घेऊन आली. डाव्या हातात ट्रे,
उजवा एप्रनच्या खिशात.
एप्रिलपासून तो तिथेच असतो.
ड्रायव्हरच्या सीटची शिवण सरळ आहे,
शेजारच्या सीटची शेवटची वीतभर नाही.
इद्वलनं ते पाहिलंय.
"ठीक ना?" तो विचारतो. "ठीक," ती म्हणते.
रोज विचारतो. रोज ठीक.

"ये, एकदा दाब," तो डॅशखालून म्हणतो,
"झाकणावर रबराची बोंडी आहे. मी इथून बघतो."
ट्रे ठेवायला जागा नाही.
ती खिशातला हात काढते.

दिवा पेटतो. विझतो. पेटतो,
बारीक, भरभर,
वाऱ्यात धरलेल्या काडीसारखा.

"लूज काँटॅक्ट?" हेलेद विचारते.

इद्वल बाहेर येतो, गुडघे वाजवत,
टेप अजून दातांत.
काढून म्हणतो, "नाही. वायरिंग बरोबर आहे."

आणि नेरिसकडे बघतो.
ती बोट काढत नाही.