पाचावर नऊ

तापकीर गल्लीत सतराशेला घेतला.
दुकानदार म्हणाला, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.
घरी येऊन सुरू केला तर आतली बाई
चिनी भाषेत काहीतरी बोलली, ठामपणे,
आमच्या शाळेच्या मुख्य बाई बोलत तशी.
त्याच रात्री उघडला.
काढताना चार स्क्रू होते, लावताना तीन.
चौथा अजून फरशीच्या कुठल्यातरी फटीत आहे
आणि रेडिओचं त्याच्यावाचून अडलेलं नाही.

दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचं रक्त फिरवते.
मशीन थांबलं की नळीत वर पिवळं, खाली लाल.
तिथे सगळ्याचा आकडा निघतो,
संध्याकाळी पाचनंतर रिपोर्ट घेऊन जा.
रात्री ओट्यावर कालचा पेपर पसरून
मी डाग द्यायला बसते.
राळेचा धूर नाकात जातो.
शलाका आतून विचारते, मावशी, काय जळतंय?
जळत नाही गं, जोडतेय.

ढमढेऱ्यांची स्टीलची टेप स्प्रिंग तुटून पडली होती,
ती मागून आणली. पत्र्याच्या कात्रीने कापली,
प्लंबरकडच्या उरलेल्या पाइपावर बसवली,
मासळीच्या काट्यासारखी.
पिवळ्या पट्ट्यांवर इंच अजून वाचता येतात.
गच्चीवर उभी राहून सिंहगडाच्या दिशेने धरली
तर शेजारच्या गच्चीतून प्रश्न आला,
डिश लागत नाहीये का?
लागतेय, म्हटलं.

नऊ वाजता मोघे येतात.
कॉलसाइनचं शेपूट तेवढं स्वच्छ ऐकू येतं,
पापा डेल्टा, धायरी फाटा, पाण्याच्या टाकीमागे.
बांबूवरची अँटेना. बॅटरी बारा पॉइंट चार.
आज अँटेनावर घार बसली होती,
उठेना. शेवटी मीच खाली आलो.
गुडघा कालच्यापेक्षा बरा.
मग म्हणतात, कोणी आहे का फ्रीक्वेन्सीवर?
आणि उत्तरापुरती जागा सोडतात.

त्या जागेत खरखर भरते.
पूर्वी म्हणे पाचसहा जण असायचे,
कुणी खडकीहून, कुणी पार सासवडहून.
आता सलग अकरा रात्री
मोघ्यांना मोघेच.

माझी परीक्षा झालीये. अर्ज दिल्लीला गेलाय,
कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी चहाच्या कपाखाली.
तोवर ऐकायचं. बोललं तर गुन्हा.
बटण अंगठ्याखालीच असतं,
रबरी, थोडं चिकट,
आणि बाराव्या रात्री मी ते
अर्ध्यापर्यंत दाबलं.
अर्धं दाबलेलं बटण काहीच करत नाही.
तेही तपासून झालं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले.
काउंटरवरच्या मुलाने पोस्टकार्ड शोधायला ड्रॉवर तीनदा उघडला.
पत्ता लिहिला: मोघे,
बांबूवर अँटेना असलेलं घर, पाण्याच्या टाकीमागे, धायरी.
आणि मागे लॅबच्या सवयीने, टापटिपीत:
दिनांक. वेळ एकवीस वाजून चार मिनिटं.
आवाज पाचावर नऊ.
पार्श्वभूमीला पंखा, बहुधा बेअरिंग गेलेलं.
घार परत आली का?
खाली नाव लिहिलं नाही, लिहिलं,
सध्या फक्त ऐकणारी.

पोचायला किती दिवस लागतात, देव जाणे.
मी रोज नऊला गच्चीवर.
सोमवार, खरखर, मोघे, बॅटरी, गुडघा.
मंगळवार तसाच.
बुधवारी घाट्यांच्या लग्नाचा डीजे, काही कळलं नाही.

शुक्रवारी खरखर एकदम थांबली.
ज्याने कधी असला डबा कानाला लावलाय
त्याला माहीत आहे, आवाज बंद झाला
म्हणजे समोर कुणीतरी बटण दाबलेलं असतं.
कॉलसाइन नाही, बॅटरी नाही.
नुसता पंखा.
आज कुरकुरत नव्हता,
तेल घातलं होतं.