बत्तीस नट

वॉचमनच्या केबिनीत बुद्धिबळाचा डबा होता,
कुण्या जुन्या साहेबाचा.
पांढरी फौज शाबूत.
काळी कधी हरवली, कुणाला ठाऊक नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत काय हरवतं त्याची नोंद नसते.
माझी करंगळीही नाही.

लिंबाजी भंगारात वाकला
आणि नट वेचत बसला. काहींचे आटे झिजलेले,
काहींना अजून काळं ग्रीस.
सोळा झाले तरी थांबेना.
"अरे, सोळाच लागतात," मी म्हणालो.
"त्येच्याकडं वजीर हाये, हत्ती हाये, उंट हाये.
आपल्याकडं काय हाये? माणसं.
मग भरपूर घे की."

पुठ्ठ्यावर खडूनं चौसष्ट घरं.
वरच्या चार ओळी नटांनी गच्च,
लेबर कॅम्पातल्या खोलीत झोपतो तशी,
एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी.
खाली दोन ओळी पांढऱ्याच्या.
मधे दोन ओळी रिकाम्या. तेवढंच मैदान.

नियम लिंबाजीचे:
नटांना राजा नाही.
पांढऱ्यानं जिंकायचं तर बत्तीसच्या बत्तीस मारायचे.
नटांनी जिंकायचं तर
एकच माणूस कोंडायचा.

डोणगावकर साहेब रात्रपाळीला यायचे,
एक हात फोनवर, दुसऱ्या हातानं घोडा.
मेलेला नट डालडाच्या डब्यात पडायचा, टण्.
हत्ती पडला तर आवाज नाही.
लाकूड ते. गादीवर ठेवल्यासारखं पडतं.
"शह कुणाला देऊ रे?" साहेब वैतागायचे.
"मव्हा राजाच नाही साहेब,
तुमचं तुम्ही बघा."

हरायचो आम्ही. सांगतो ना, बहुतेकदा हरायचो.
वजीर एकटाच सहा-सहा जणांना गिळायचा.
प्यादं सरळ चालतं, तिरकं मारतं,
मागं येत नाही.
पण कधीकधी ते इतके दाटायचे
की वजिराला उभं राहायला घर उरायचं नाही.

एका रात्री एक नट शेवटच्या ओळीत पोचला.
साहेब खूश. मेलेला पांढरा वजीर पुढं केला,
"घे. प्रमोशन."
लिंबाजीनं तो हातात फिरवला.
"रंग कुणाचा ह्येचा?"

मला रंगनाथ आठवला.
माझ्याशेजारी सांडशी धरायचा,
लाल बिलेट त्याच्या बाजूनं यायचं, माझ्या बाजूनं जायचं.
आता लेबरचा ठेका त्याचा.
हजेरीवर अंगठा घेताना
माझ्या करंगळीच्या जागेकडं बघत नाही.
वाईट नाही तो. फक्त
कुठल्या बाजूनं चालतो, कळत नाही.

"नट नटच राहू द्या," लिंबाजी म्हणाला.
मग तो तिथंच उभा. पुढं घर नाही,
मागं जायची सोय नाही.
पांढऱ्या राजाच्या अगदी शेजारी,
मागच्या नटाचा तिरका जोर घेऊन.
बिनकामाचा, असं मला तेव्हा वाटलं.

तेवढ्यात मिल थांबली.

बारा वर्षांत तो आवाज असा तुटलेला मी ऐकला नव्हता.
देऊळगाव राजा रोडवरचे ट्रक ऐकू यायला लागले,
आणि कुठलं तरी कुत्रं.
जलील फिटर धावत आला,
"तीन नंबरच्या स्टँडचा नट निसटला.
त्या मापाचा स्टोअरमध्ये नाही."

कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांचे डोळे पुठ्ठ्याकडं गेले,
शेवटच्या ओळीत.
तोच एक त्या मापाचा.

साहेबांचा हात पुढं आला.
लिंबाजीनं नटावर पंजा ठेवला.
जोरात नाही. झाकण ठेवावं तसा.
"साहेब, डाव चालू हाये.
ह्येला जोर हाये मागून. राजानं मारता येत न्हाई.
चाल तुमची."

आत रोलमधे अडकलेलं बिलेट
लाल होतं, मग जांभळं,
मग काळं होत चाललं.

साहेबांनी स्टूल ओढलं.
बसले.
फोन उलटा ठेवला
आणि पहिल्यांदाच
पुठ्ठ्याकडं नीट बघायला लागले.